काळ्या दारूची रिव्हॉल्व्हर काडतुसं: आधी स्मोकलेसच्या सवयी बाजूला ठेवा

प्रश्न थोडक्यात असा: ह्यूस्टनला राहणारे एक मराठी गृहस्थ काही काळ .३८ स्पेशलची काडतुसं घरी स्मोकलेस (आजच्या, जवळपास बिनधुराच्या) दारूने भरताहेत. आता त्यांना काउबॉय सामन्यांत (जुन्या नमुन्याच्या बंदुकांच्या नेमबाजी स्पर्धांत) फ्रंटिअर कार्ट्रिज गटात, म्हणजे जुनी, धुराची काळी दारू वापरणाऱ्यांच्या गटात, उतरायचंय. त्यासाठी .४५ कोल्टची दोन रिव्हॉल्व्हर घेऊन झाली आहेत. किती ग्रेन (पौंडाचा सात हजारावा भाग) काळी दारू भरायची, आहे तोच प्रेस (काडतुसं भरण्याचं यंत्र) चालेल का, बंदुका खराब होतात का, आणि हे प्रकरण महाग पडतं का, हे त्यांना हवंय.

नमस्कार. 'किती ग्रेन' हा प्रश्न तुम्ही सगळ्यात आधी विचारलात, कारण स्मोकलेसमध्ये तो सगळ्यात आधी विचारायलाच हवा. .४५ कोल्टच्या ऐसपैस पुंगळीत (काडतुसाच्या पितळी नळकांड्यात) स्मोकलेसचे सहा-सात ग्रेन पडतात आणि अर्ध्याहून जास्त जागा रिकामी राहते. चुकून दोनदा दारू पडली तरी तीही मावते आणि गोळी बसल्यावर बाहेरून काही कळत नाही. म्हणून तिथे वजनकाटा हाच देव. काळ्या दारूत ग्रेनचा आकडा दुय्यम आहे. पुंगळी जवळपास पूर्ण भरते, दुप्पट दारू मावतच नाही, आणि एखाद-दुसऱ्या ग्रेनच्या फरकाने काही बिघडत नाही. इथे धोका रिकाम्या जागेचा आहे. गोळीच्या बुडाखाली हवा राहता कामा नये, दारू गोळीने किंचित दाबलेली असली पाहिजे. बाकी सगळं याच्या पोटात येतं.

हवा राहिली तर काय होतं? दारू सैल पडून राहते, प्रायमरची (पुंगळीच्या बुडातल्या, दारू पेटवणाऱ्या टोपीची) ज्वाळा तिच्यावरून पुढे धावते, जळणं एकसारखं होत नाही आणि दाबाचा तडाखा एकदम गोळीच्या बुडावर बसतो. लांब पुंगळीच्या रायफलींमध्ये यामुळे चेंबरला किंवा नळीला आतून कड्यासारखा फुगवटा आल्याची उदाहरणं आहेत. रिव्हॉल्व्हरमध्ये हा धोका तुलनेने कमी, पण नेम विस्कटतो आणि मळ जास्त साचतो हे नक्की. नियम दोन्हीकडे तोच.

पुढे जाण्याआधी, या सगळ्या छंदातली खरी जीवघेणी चूक एकच आहे. काळ्या दारूच्या मापाने स्मोकलेस भरणं. पुंगळीभर स्मोकलेस म्हणजे रिव्हॉल्व्हर हातात फुटणार, त्यात 'कदाचित' नाही. तुमच्या घरी आता दोन्ही प्रकारच्या दारू असणार, म्हणून सांगतो: टेबलावर एका वेळी एकच डबा. दुसरा डबा कपाटात, कपाट बंद. भरून झाल्यावर उरलेली दारू ताबडतोब तिच्या मूळ डब्यात परत. मापात किंवा हॉपरमध्ये (प्रेसवरच्या दारूच्या भांड्यात) रात्रभर ठेवायची नाही, सकाळी ती कोणती हे आठवणीवर सोडायचं नाही. भरलेल्या काडतुसांच्या डब्यावरही मोठ्या अक्षरांत लिहा. मी काळ्या दारूच्या प्रायमरवर काळ्या मार्करने ठिपका देतो, म्हणजे डब्यातून निसटलेलं एकटं काडतूसही ओळखू येतं.

आता आकडा. .४५ कोल्ट १८७३च्या सिंगल ॲक्शन आर्मी रिव्हॉल्व्हरसोबत आलं तेव्हा मूळ भरणा ४० ग्रेन काळी दारू आणि सुमारे २५० ग्रेनची गोळी असा होता. लष्कराने तो धक्का जास्त वाटून लवकरच तिशीच्या आसपास आणला. अजून लोक ते '४०' धरून बसतात आणि मावत नाही म्हणून हैराण होतात. त्या काळच्या पुंगळीचं बूड आतून पोकळ, फुग्यासारखं होतं. आजच्या पुंगळ्यांचं बूड भरीव आहे, त्यामुळे आतली जागा कमी झाली. आजच्या पुंगळीत २५० ग्रेनच्या गोळीखाली साधारण ३५ ग्रेन सुखाने बसते. ली कंपनीचं २.२ सीसीचं माप सपाट भरलं की जवळपास तेवढीच येते, कारण काळ्या दारूचा एक सीसी साधारण साडेपंधरा ग्रेनचा. पण कंपनीप्रमाणे दाण्यांची घनता बदलते. स्विस दारू दाट बसते, गोएक्स तेवढी नाही. म्हणून माझा आकडा घेऊ नका, तुमच्या पुंगळीचा काढा.

त्यासाठी पेन्सिलीएवढी लाकडी काठी पुरते. तुमच्या गोळीची बुडापासून क्रिंपच्या (पुंगळीचं तोंड जिथे आत वळवतात त्या) खाचेपर्यंतची लांबी कॅलिपरने मोजा आणि काठीच्या सपाट टोकापासून तेवढ्याच अंतरावर बारीक रेघ मारा. पुंगळीत दारू घाला, पुंगळी टेबलावर दोन-तीनदा हलके आपटा, दाणे बसू द्या. मग काठी दारूवर नुसती टेकवा, दाबू नका. रेघ पुंगळीच्या तोंडाशी आली तर दारू गोळीच्या बुडाला नुसती शिवेल. रेघ तोंडाच्या वर दीड ते तीन मिलिमीटर दिसली की हवा तेवढा दाब मिळणार. रेघ आत बुडाली तर तेवढी हवा राहणार, दारू वाढवा किंवा भर घाला. ही तपासणी नवीन डबा, नवीन गोळी, नव्या कंपनीच्या पुंगळ्या असं काहीही बदललं की पुन्हा करायची. बाकी वेळी माप बुडवा, पत्त्याच्या कडेने सपाट करा, ओता.

दाब फार झाला तर मऊ शिशाची गोळी चेपते, पुंगळीचं पोट फुगतं आणि ते काडतूस सिलिंडरमध्ये अर्ध्यावर अडकतं. तीन मिलिमीटरहून जास्त दाबायचं असेल तर गोळीने दाबू नका, दारू आधी वेगळ्या कॉम्प्रेशन डायने (प्रेसमध्ये बसवायच्या दाबणीच्या साच्याने) दाबून घ्या. पण काउबॉय सामन्यात त्याची गरज काय? लक्ष्यं जेवणाच्या ताटाएवढी किंवा त्याहून मोठी पोलादी पत्र्याची, आणि रिव्हॉल्व्हरसाठी बहुधा दहा पावलांच्या आसपास. पूर्ण भरण्याचा .४५ कोल्ट हातात चांगलाच दणका देतो आणि दुसऱ्या गोळीला उशीर होतो. बहुतेक जण कमी भरतात.

कमी भरायचं आणि हवाही ठेवायची नाही, मग उरलेली जागा कशाने भरणार? अमेरिकन लोक क्रीम ऑफ व्हीट घालतात, म्हणजे थोडक्यात आपला रवा. कोरडा, कच्चा, बारीक रवा घरातला चालतो. (शिऱ्यासाठी तुपात भाजून ठेवलेला नको, हे गमतीने सांगत नाहीये, तूप दारूत उतरतं.) दारूवर रवा, त्यावर गोळी, एवढंच. काही जण मक्याचं पीठ घालतात, काही पुठ्ठ्याची चकती ठेवतात. रव्याचा तोटा असा की गोळीबरोबर त्याचंही वजन नळीतून जातं, म्हणून धक्का वाटतो तेवढा कमी होत नाही. मला दुसरा रस्ता जास्त आवडतो: पुंगळीच आखूड घ्या. .४५ स्कोफिल्डची पुंगळी .४५ कोल्टच्या सिलिंडरमध्ये चालते, तिचा मूळ भरणा २८ ग्रेन होता. त्याहून आखूड काउबॉय ४५ स्पेशल नावाची पुंगळीही मिळते. जागाच कमी, त्यामुळे भर घालण्याचा प्रश्न येत नाही. फक्त लिव्हर-ॲक्शन (खालचा दांडा ओढून काडतूस चढवायच्या) रायफलला आखूड काडतुसं नेहमी पचत नाहीत, ती आधी रिकामी चालवून बघा.

किती कमी भरायचं याला खालची मर्यादा आहे. या सामन्यांचे नियम ठरवणाऱ्या सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटीच्या नियमपुस्तकात गोळीच्या वेगाची आणि काळ्या दारूच्या गटांसाठी धुराची किमान अट आहे. नावापुरती चिमूटभर दारू टाकून जलद नेमबाजी करणाऱ्यांना आवरायला ती केली आहे, आणि योग्यच आहे. धूर नको असेल तर या गटात यायचंच कशाला? आणखी एक गोष्ट तुमच्या प्रश्नात दिसली नाही, म्हणून सांगतो: या गटात फक्त रिव्हॉल्व्हर नाही, रायफल आणि शॉटगनचीही काडतुसं काळ्या दारूची किंवा तिच्या पर्यायाची लागतात.

दाण्यांचा आकार: एफएफजी आणि एफएफएफजी, दोन्ही चालतात. एफ वाढले की दाणा बारीक, जळणं जलद, वेग थोडा जास्त. .३८ स्पेशलसारख्या छोट्या पुंगळीला मी एफएफएफजी घेतो, .४५ला एफएफजी. यावर वाद घालणारे पुष्कळ भेटतील, पोलादी पत्र्याला मात्र फरक कळत नाही. प्रायमर साधे लार्ज पिस्टल पुरेत. खरी काळी दारू पेटायला हट्ट करत नाही, मॅग्नम प्रायमर लागत नाही.

पर्यायी दारूंबद्दल थोडंच. पायरोडेक्स आणि ट्रिपल सेव्हन दुकानात सहज मिळतात, कारण त्यांच्यावर काळ्या दारूइतकी कडक बंधनं नाहीत. दोन्ही घनफळानेच मोजायच्या, वजनाने कधीच नाही, कारण त्या हलक्या आहेत. काळ्या दारूचे ३० ग्रेन म्हणून काट्यावर ३० ग्रेन ट्रिपल सेव्हन तोललंत तर भरणा बराच जास्त होईल. शिवाय ती मुळातच सुमारे पंधरा टक्के जोरकस आहे. तिला जोराने दाबायचंही नाही आणि तिच्यावर रव्यासारखी भरही घालायची नाही, कंपनीने दोन्ही स्पष्ट बजावलंय. पायरोडेक्समध्ये पोटॅशियम परक्लोरेट असतं, त्यामुळे उरलेल्या मळात क्लोराइड येतं आणि ते काळ्या दारूच्या मळापेक्षा लोखंड जास्त खातं. ह्यूस्टनच्या दमट हवेत पायरोडेक्स वापरून बंदूक तशीच रात्रभर ठेवणं मला परवडणार नाही. खरी काळी दारू मिळत असेल तर तीच घ्या.

आता प्रेस. तुमचा प्रोग्रेसिव्ह (दांड्याच्या प्रत्येक ओढीत सगळी कामं पुढे सरकवणारा) आहे असं धरतो. चालेल, पण दारू भरण्याचं काम त्याच्याकडून काढून घ्या. कारणं व्यवहारातली आहेत. काळ्या दारूचे दाणे सांडतात, पुंगळ्या धरणाऱ्या शेल प्लेटखाली जातात, प्रायमरच्या बैठकीत बसतात. प्रायमरच्या भरलेल्या नळीशेजारी काळ्या दारूचा उघडा साठा ठेवणं मला मान्य नाही, एक प्रायमर दबून फुटला तर पुढचं सांगायला नको. शिवाय तुमच्या दारू-मापाचा हॉपर बहुधा प्लास्टिकचा असेल. काळ्या दारूच्या दाण्यांना ग्रॅफाइटचा लेप असतो, स्थिर विजेने ती सहसा पेटत नाही, हे खरं. तरी काळ्या दारूसाठीची मापं ॲल्युमिनियम-पितळेची करतात, लायमनचं ५५ क्लासिक ब्लॅक पावडर हे त्यातलंच, आणि थोडे डॉलर वाचवण्यासाठी हा प्रयोग आपण करू नये.

माझा क्रम असा. एका दिवशी पुंगळ्या साइझ करून (दाबून मूळ मापाला आणून), तोंड किंचित पसरवून, प्रायमर बसवून ठेवायच्या. प्रायमरचा डबा उचलून दुसऱ्या खोलीत. मग लाकडी ठोकळ्यात पन्नास पुंगळ्या उभ्या करून पितळी मापाने दारू घालायची. सगळ्या भरल्या की टॉर्च मारून वरून बघायचं: पन्नास काळी वर्तुळं एकाच उंचीला दिसली पाहिजेत. एखादं खोल दिसलं तर लगेच नजरेत भरतं. ही तपासणी स्मोकलेसमध्ये इतकी सोपी कधीच नव्हती. मग गोळी बसवायची, आणि क्रिंप वेगळ्या डायने, वेगळ्या फेरीत. बसवणं आणि क्रिंप एकाच झटक्यात केलं तर दारूवर दाब देत खाली सरकणाऱ्या मऊ गोळीत पुंगळीची कड रुतते आणि शिशाची साल निघते. क्रिंप मात्र भक्कम हवा, तोंड गोळीच्या खाचेत पूर्ण वळलेलं. त्याने दारू नीट जळते आणि दुसऱ्या काडतुसांच्या धक्क्याने गोळी पुढे सरकत नाही. पुढे सरकलेली गोळी सिलिंडर अडवते.

गोळी आणि तिचं वंगण यावर मात्र कंजुषी करू नका. मळ मऊ राहणार की कडक होणार हे इथे ठरतं. काळी दारू जळली की वजनाने अर्ध्याहून जास्त भाग घन पदार्थ म्हणून उरतो: पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट, सल्फाइड. त्यातला काही पांढरा धूर होऊन जातो, काही नळीत बसतो. या मळाला ओलसर, मऊ ठेवणं हे वंगणाचं काम. दुकानात मिळणाऱ्या तयार गोळ्यांवर खाचेत जे निळं किंवा लाल कडक वंगण असतं ते स्मोकलेससाठी आहे. काळ्या दारूत ते कोरडं पडतं, आणि पेट्रोलियमचं तेल-ग्रीस असेल तर मळाशी मिसळून डांबर होतं. पॉलिमरचा लेप दिलेल्या रंगीत गोळ्यांवर तर वंगणच नसतं.

हवी ती गोळी अशी: मऊ शिशाची, वीस ते तीस भाग शिशाला एक भाग कथील, आणि वंगणाची खाच रुंद-खोल. बिग ल्यूब म्हणून ओळखले जाणारे साचे याचसाठी केलेत, त्या गोळीच्या पोटात एवढं वंगण मावतं की रायफलच्या लांब नळीलाही पुरतं. वंगण घरी होतं: मधमाश्यांचं मेण आणि क्रिस्को निम्मं-निम्मं, थंडीत क्रिस्को थोडं जास्त. क्रिस्को म्हणजे वनस्पती तुपाचा अमेरिकन भाऊ. मेंढीची चरबीही उत्तम, पण बिनमिठाची हवी. एसपीजी हे तयार वंगणही चांगलं आहे. मिश्रण गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवा, थेट आचेवर नको. गोळ्या एका सपाट ट्रेमध्ये बुडावर उभ्या करून खाचेच्या वरच्या कडेपर्यंत वंगण ओता, गार झालं की एकेक गोळी बाहेर ढकला. ट्रे आणि भांडं पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही. शिसं आहे, हात साबणाने धुतल्याशिवाय चहाचा कपही उचलायचा नाही.

वंगण पुरतंय का हे कसं ओळखायचं? पाच गोळ्या झाडून रिव्हॉल्व्हर रिकामं करा, मग नळीचं तोंड बघा. तोंडाच्या कडेवर नळीतल्या खाचांच्या संख्येइतक्या टोकांची चिकट, ओलसर, काळी चांदणी उमटली असेल तर वंगण शेवटपर्यंत पोचलंय. तिथे कोरडी राखाडी भुकटी दिसली तर कमी पडतंय. आमच्या फीनिक्सच्या कोरड्या हवेत हा फरक दोन स्टेजमध्ये (सामन्याच्या फेऱ्यांत) कळतो, मळ उन्हात वाळून खपली धरते. तुमच्या ह्यूस्टनला हवेतल्या ओलाव्यानेच तो मऊ राहील. तुमची अडचण वेगळी, तो ओलावा बंदूकही गंजवणार.

.४५ कोल्टची एक खोड सांगायला हवी. त्याच्या पुंगळीची भिंत जाड, आणि हलक्या भरण्यात दाब इतका कमी की पुंगळी फुगून चेंबरला घट्ट लागत नाही. मग वायू आणि काजळी मागे येतात. रिव्हॉल्व्हरमध्ये फारसं बिघडत नाही, पुंगळ्या बाहेरून काळ्या होतात एवढंच. पण १८७३च्या नमुन्याच्या विंचेस्टर रायफलमध्ये तीच काजळी यंत्रणेत शिरते. एकोणिसाव्या शतकात विंचेस्टरने .४५ कोल्टची रायफल काढली नव्हती. तिचं काडतूस होतं .४४-४०: ४० ग्रेन दारू, २०० ग्रेनची गोळी, आणि गळ्याशी पुंगळी इतकी पातळ की लगेच फुगून चेंबर बंद करते. रायफल अजून घेतली नसेल तर .४४-४०चा विचार करा. भरताना ती पातळ मान सहज चुरगळते, वंगणाशिवाय चालणारी कार्बाइडची डाय मिळत नाही, प्रत्येक पुंगळीला वंगण लावून साइझ करावी लागते, हा त्रास आहे. पण दिवसाअखेर रायफल उघडली की आत स्वच्छ दिसते. आणि रायफलमध्ये चपट्या नाकाचीच गोळी, कारण नळीदार मॅगझिनमध्ये एका काडतुसाचं नाक पुढच्याच्या प्रायमरला टेकलेलं असतं.

आता रिव्हॉल्व्हर खराब होतात का. काळी दारू त्यांना मारत नाही, आळस मारतो. कोल्टच्या आणि त्याच्या इटालियन नकलांच्या सिलिंडरला पुढे बाहेर आलेली बुशिंग असते. सिलिंडर आणि नळीच्या फटीतून उडणारा मळ ती बेस पिनवर (सिलिंडर ज्यावर फिरतं त्या आसावर) सरळ जाऊ देत नाही, म्हणून ही रिव्हॉल्व्हर बराच वेळ फिरत राहतात. देखण्या स्कोफिल्ड रिव्हॉल्व्हरच्या आजच्या नकलांकडे मन गेलं असेल तर थांबा. मूळ स्कोफिल्डला मळ अडवणारी छान कॉलर होती. नकलेत लांब .४५ कोल्ट बसवण्यासाठी सिलिंडर लांब केलं, चौकट तेवढीच ठेवली, आणि त्यात ती कॉलर गेली. काळ्या दारूत ती लवकर अडकतात.

पहिल्या वापराआधी नळी, चेंबर, बेस पिन यांवरचं कारखान्याचं तेल स्पिरिटने पूर्ण काढा. मग बॅलिस्टॉल (पाण्यात मिसळणारं बंदुकीचं तेल) लावा, आणि बेस पिनवर तेच मेण-क्रिस्कोचं वंगण सढळ हाताने चोपडा. सामन्यात दोन-तीन स्टेजनंतर अनलोडिंग टेबलावर रिव्हॉल्व्हर रिकामं दाखवून झालं की सिलिंडरच्या तोंडावर ओला फडका फिरवा आणि सिलिंडर हाताने फिरवून बघा. जड लागलं तर बॅलिस्टॉल-पाण्याचे दोन थेंब पिनच्या टोकाशी. सामन्यात सहाच्या सिलिंडरमध्ये पाचच काडतुसं आणि घोडा रिकाम्या घरावर हे तुम्हाला ठाऊक असेलच. जुन्या कोल्टमध्ये घोड्याची टोचणी थेट प्रायमरवर टेकते, म्हणून तो नियम.

घरी आल्यावर महागडं सॉल्व्हंट नको, पाणी हवं. हा मळ क्षारांचा आहे, तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. ग्रिप काढा, सिलिंडर काढा, गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, ब्रश तीन-चारदा. सडक्या अंड्यासारखा वास येईल, तो सल्फाइडचा, घरच्यांना आधी सांगून ठेवा आणि काम अंगणात करा. मग नुसत्या गरम पाण्याने धुवा. पाणी गरम असलं की लोखंड स्वतःच्या उष्णतेने वाळतं. कोरडं फडकं, मग बॅलिस्टॉलचा पातळ हात. दुसऱ्या दिवशी नळीतून पुन्हा एक पांढरं फडकं फिरवा. तांबूस आलं तर कुठेतरी पाणी राहिलं होतं. एका रिव्हॉल्व्हरला पंधरा-वीस मिनिटं लागतात, स्मोकलेसच्या शिशाच्या पुटापेक्षा हे मला सोपं वाटतं. ह्यूस्टनमध्ये मात्र हे त्याच संध्याकाळी.

पुंगळ्यांसाठी सामन्यालाच साबणाच्या पाण्याची रुंद तोंडाची बरणी न्या. झाडलेल्या पुंगळ्या थेट तिच्यात. घरी येईपर्यंत गाडीच्या हेलकाव्यांनी त्या निम्म्या धुऊन निघतात. प्रायमर काढून चिनी मातीच्या किंवा पोलादी पिनांच्या ओल्या टंबलरमध्ये (पुंगळ्या घुसळून धुणाऱ्या यंत्रात) फिरवा, मग नीट वाळवा. ओल्या पुंगळीत दारू भरली तर आधीची सगळी मेहनत वाया. डाग राहतील, पितळ पूर्वीसारखं चमकणार नाही. त्याने काही अडत नाही.

धुराबद्दल: वारा पडलेल्या दिवशी दुसऱ्या गोळीनंतर लक्ष्यं दिसेनाशी होतात. ती कुठे होती ते आधीच डोक्यात पक्कं करून ठेवावं लागतं. क्रम तुमच्या हातात असेल तर धूर ज्या बाजूला वाहतोय त्या बाजूचं लक्ष्य आधी, म्हणजे पुढचं लक्ष्य स्वच्छ हवेत राहतं.

भारतातले वाचक हे वाचून हुरळतील, म्हणून त्यांच्यासाठी: हे सगळं अमेरिकेतलं आहे. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे, घरी पुंगळी भरणं त्यातच येतं. आणि तुम्हाला, ह्यूस्टनहून पुण्याला जाताना: रेंजवर नेलेली बॅग प्रवासाला घेऊ नका. अस्तरात राहिलेल्या एका जिवंत काडतुसापायी मुंबई विमानतळावर अटक होते, 'चुकून राहिलं' हे नंतर कोर्टात सांगत बसावं लागतं.

शेवटचा प्रश्न खर्चाचा. पौंडात ७००० ग्रेन. ३५ ग्रेनचा भरणा धरला तर पौंडाला २०० काडतुसं, स्मोकलेसच्या सात ग्रेनने १०००. म्हणजे दारू पाचपट लागते, हे मान्य करूनच उतरा. रिव्हॉल्व्हर आणि रायफल मिळून सहा स्टेजच्या एका सामन्याला १२० काडतुसं जातात, अर्धा पौंडाहून जास्त दारू. त्यात काळी दारू स्फोटक म्हणून गणली जाते, फार थोडी दुकानं ठेवतात, आणि ऑनलाइन मागवली तर धोकादायक मालाचं वेगळं शुल्क प्रत्येक खेपेला पडतं, डबा एक असो की दहा. म्हणून क्लबातली माणसं एकत्र मागवतात, तुम्हीही तसंच करा. मागवण्याआधी तुमच्या गावात घरी किती ठेवायला परवानगी आहे ते अग्निशमन खात्याकडून विचारून घ्या. आली की मूळ डब्यातच, लाकडी कपाटात, ह्यूस्टनच्या गॅरेजमधल्या उन्हाळ्यापासून आणि गॅसच्या गीझरपासून लांब. लोखंडी, घट्ट बंद होणाऱ्या पेटीत ठेवू नका: उघड्यावर पेटलेली दारू भडकते, भक्कम पेटीत कोंडलेली पेटली तर पेटीचा बॉम्ब होतो. दारूखालोखाल खर्च शिशाचा, आणि तो स्मोकलेसमध्येही तेवढाच होता. पहिल्या महिन्यात बिग ल्यूबच्या साच्यावर पैसे घालू नका, क्लबात कोणाकडे तरी असतोच. त्याच्याकडून शंभर गोळ्या मागून घ्या, तुमच्या दोन्ही रिव्हॉल्व्हरमधून झाडून बघा, मग कुठला साचा घ्यायचा ते ठरवा.